ताटावर थांबलेला हात

डभोईला काकांकडे पहिला भात कधी गरम खायला मिळत नाही. मूद पडते, वर वरण येतं, तुपाची धार येते आणि मग सगळे थांबतात. काका तळव्यात पाणी घेऊन ताटाभोवती फिरवतात, उजव्या बाजूला चित्राहुती म्हणून भाताची चार-पाच शितं मांडतात, पाच प्राणांच्या नावाने पाच चिमुकले घास घेतात. बाकीच्यांनी तोवर हात जोडून जेवणाआधीचा श्लोक म्हणायचा, समर्थांचा म्हणून घरोघरी चालत आलेला. मग जयजयकार. मार्गशीर्षात एवढं होईपर्यंत तूप भातावर पांढरं पडतं.

मी देव मानत नाही. याला आता वीसेक वर्षं झाली. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि ठाऊक नसल्यासारखं सगळे वागतात, मीसुद्धा. श्लोकाच्या वेळी मी मान खाली घालून बसतो, ओठ हलतात की नाही हे कोणी बघत नाही. हा समझोता कोणी ठरवून केलेला नव्हता, म्हणून तो टिकला होता. गेल्या दत्तजयंतीला सगळे गरुडेश्वरला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी घरी मोठी पंगत होती, वडोद्याहूनही माणसं आली होती. पानं वाढून झाली आणि काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आज तू सुरू कर रे."

माझा हात ताटावर तसाच थांबला. पंगतीत शांतता म्हणजे फार तर सात-आठ सेकंदांची असेल. शेवटी सहा वर्षांच्या पुतण्याने खणखणीत आवाजात सुरुवात केली, त्याच्यामागे सगळे म्हणाले, जेवण झालं. कोणी मला काही बोललं नाही. हात धुताना पुतण्याने मात्र विचारलं, "काका, तुम्हाला येत नाही का?"

म्हटलं, "येतं. म्हणत नाही."

प्रश्न एवढासाच आहे, आणि तो मराठी घरांत रोज कुठे ना कुठे उभा राहतो. पुण्यात पाहुणचाराला गेलेल्या जावयापुढे, मुलाकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या आईपुढे, सासरी पहिला सण करणाऱ्या मुलीपुढे. श्रद्धा नसलेल्याने श्रद्धावानांच्या पंगतीत श्लोकाच्या वेळी काय करावं? म्हणावा, गप्प बसावं, की उघड सांगावं?

म्हणावा, असं सांगणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. अर्ध्या मिनिटाचा मामला. त्याने तुमचं मत बदलत नाही, कोणाचं नुकसान होत नाही, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला बरं वाटतं. आपण लग्नाच्या मांडवात अक्षता टाकतोच, त्या मंगलाष्टकांतल्या देवतांवर आपला विश्वास आहे का असं कोणी विचारत नाही. 'नमस्कार' म्हणताना कोण कुठे वाकतो? भाषेत आणि रीतीत असे कितीतरी देव विरघळून गेले आहेत की ते वेचून काढायला बसलं तर बोलणंच बंद पडेल. शिवाय मराठी पंगतीत श्लोक म्हणणं ही नुसती प्रार्थना कधीच नव्हती. लग्नाच्या पंगतीत पोरांना पुढे ढकलून श्लोक म्हणायला लावत, त्यात पाठांतर, आवाज, थोडी मिरवामिरव आणि व्याह्यांवर कुरघोडी हे सगळं होतं. मग तेवढ्यावरून तत्त्वाचा झेंडा कशाला रोवायचा?

हे मला बरंचसं पटतं. अडतं ते एका ठिकाणी. अक्षता टाकताना मी काही बोलत नाही. श्लोकात मात्र माझ्या तोंडून एक विधान निघतं, की हे अन्न ब्रह्म आहे, हे जेवण यज्ञ आहे, आणि ते कोणाचं तरी नाव घेऊन करावं. ते विधान सुंदर आहे. ते मला खरं वाटत नाही, इतकंच. जो म्हणणारा ते मनापासून म्हणतो, त्याच्या शेजारी बसून मी ते नुसतं पुटपुटलो तर अपमान कोणाचा झाला? माझ्या मते त्याचा. माझ्या नास्तिकपणाला काका सहन करतील. माझं खोटं म्हणणं त्यांना कळलं तर ते त्यांना जास्त लागेल.

डभोईत हा विचार करताना एक गंमत नजरेआड करता येत नाही. आमच्यासारखी मराठी घरं या गावात आली ती गायकवाडीच्या मागोमाग. 1 एप्रिल 1731 ला डभोईजवळच्या लढाईत बाजीरावाने सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांचा पराभव केला, त्रिंबकराव तिथेच पडले. दाभाडे तळेगावला दरवर्षी हजारो ब्राह्मणांना जेवू घालून दक्षिणा देत. ती चाल त्या लढाईनंतर पुण्यात पेशव्यांकडे गेली. पुण्याच्या श्रावणमासी दक्षिणेचा धागा असा डभोईच्या रणांगणापर्यंत जातो. पंगत, धर्म आणि सत्ता यांची गाठ आमच्या गावाला जुनी आहे. गाव मात्र कोणा एकाचं नाही. हिरा भागोळीकडून बाजारात निघालं की वाटेत वैष्णवांची घरं लागतात. भक्तकवी दयाराम याच गावात राहिले आणि 1853 मध्ये याच गावात गेले. पुष्टिमार्गी घरांत ठाकोरजींना दाखवल्याशिवाय घास तोंडात जात नाही. त्यांच्यापलीकडे जैनांची घरं. काशीला जाऊन न्यायशास्त्र शिकून आलेले मोठे जैन पंडित उपाध्याय यशोविजय यांनी देह ठेवला तोही इथेच.

गंमत आहे ती या जैनांची. जग निर्माण करणारा, पोसणारा ईश्वर त्यांच्या दर्शनात नाही. वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक, या जुन्या व्याख्येने आमच्या काकांचे शेजारी गेली अडीच हजार वर्षं नास्तिक आहेत. आणि जेवणाचा संयम म्हणाल तर अख्ख्या डभोईत त्यांचा हात कोणी धरणार नाही. सूर्य मावळला की चूल बंद, कंदमूळ नाही, घासाआधी नवकार. देणारा देव न मानताही ताटापुढे नम्र होता येतं, हे सांगायला मला परदेशी तत्त्वज्ञांकडे जावं लागत नाही, भिंतीपलीकडे जाऊन आलं तरी पुरतं. काकांचा त्या घराशी दोन पिढ्यांचा घरोबा आहे. त्यांच्या नवकाराच्या वेळी काका गप्प बसतात. म्हणत नाहीत.

हे मी एकदा काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांचं वेगळं. ते परके आहेत म्हणून मी गप्प बसतो. तू परका आहेस का?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, आणि या सगळ्या प्रश्नाचं खरं दुखणं त्या वाक्यात आहे. परक्याच्या मौनाला आपण सभ्यता म्हणतो, आपल्याच माणसाच्या मौनाला फारकत. पंगतीतला श्लोक देवासाठी असतो तितकाच 'आपण सगळे एक' हे सांगण्यासाठी असतो, आणि त्यातून एक आवाज कमी झाला तर ते कानाला कळतं.

उघड सांगून टाकावं, असं म्हणणारा तिसरा पक्ष आहे. त्यांचा आदर्श बहुधा गोपाळ गणेश आगरकर. ज्यांच्या हयातीतच पुण्यातल्या विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, त्या माणसाने मतासाठी काय सोसलं ते सांगायला नको. पण आगरकरांच्या घरात डोकावलं तर चित्र थोडं निराळं दिसतं. यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, त्यांची पूजाअर्चा, व्रतं त्या घरात चालत होती, आणि 'सुधारक'मध्ये रूढींवर आसूड ओढणाऱ्या संपादकाने बायकोवर आपलं मत लादलं नाही. छापील पानावर आगरकर कोणाला सूट देत नव्हते, जेवणाच्या पानावर देत होते. काहींना यात विसंगती दिसते. मला त्यात शहाणपण दिसतं, तरी एक शंका उरते, तिच्याकडे पुढे येतो.

सेवाग्रामचं उदाहरण याहून उलट बाजूचं आहे, म्हणून जास्त उपयोगाचं. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, 1944-45 च्या सुमारास गांधीजींकडे आले. प्रार्थना हा ज्या आश्रमाचा श्वास होता तिथे या माणसाला स्वतःचं मत झाकावं लागलं नाही. पुढे गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं, तेव्हा ते सेवाग्रामला लावायला गांधीजी तयार झाले आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायलाही. ते लग्न पाहायला गांधीजी राहिले नाहीत. त्यांच्या हत्येनंतर, मार्च 1948 मध्ये ते लागलं. यात कोण झुकलं? श्रद्धावान झुकला, आणि त्याची श्रद्धा तसूभर कमी झाली नाही. आपल्याकडे तडजोडीची सगळी जबाबदारी न मानणाऱ्यावर टाकायची सवय आहे, तिला हे चांगलं उत्तर आहे.

कायद्यानेही या अंगाने दोनदा तरी विचार केला आहे. केरळातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मुलं आदराने उभी होती, गाण्याची सक्ती करता येणार नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडणं सोडलं, तेव्हा त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. एका खटल्यात वेगळी श्रद्धा, दुसऱ्यात श्रद्धेला नकार, आणि दोन्हीकडे रेघ एकाच जागी ओढलेली: हजर राहा, अडथळा आणू नका, तोंडाने म्हणायची किंवा हात जोडायची जबरदस्ती नाही.

काकांच्या ताटाला अर्थात राज्यघटनेचं कलम 28 लागू होत नाही. घरात वेतनश्रेणी नसते, पण रुसवे असतात आणि त्यांवर अपील नसतं. तरी ती रेघ मला घरातही योग्य जागी वाटते. श्लोक चालू असताना घासाला हात न लावणं, फोन न बघणं, शेजारच्याशी न बोलणं, तोंडावर उपरोधाचं हसू न आणणं: एवढं माझ्याकडून घ्यायचा त्या पंगतीला हक्क आहे, आणि मी ते दिलंच पाहिजे. शब्द मात्र माझे. आणि आपल्या परंपरेलाही मौनाचं वावडं नाही. चातुर्मासात मौन पाळून जेवण्याचा नेम कितीतरी जण करतात, त्यांना कोणी पाखंडी म्हणत नाही.

इथे लेख संपवता आला असता. पण पंगतीच्या त्या संध्याकाळी वहिनी भेटली.

वहिनी शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझ्याइतकीच नास्तिक आहे. हे मला बारा वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती गच्चीवर पापड काढत होती. म्हणाली, "भावजी, तुम्ही श्लोक म्हटला नाहीत त्याची घरात दिवसभर चर्चा. मी पहाटे चारला उठून अंघोळ करून नैवेद्य रांधला. नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, म्हणून मीठ अंदाजाने घातलं. मानतेस का गं, असं मला कोणी विचारलं?"

मग म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात की तुमचं मत असतं. मी गप्प बसले की माझं वळण काढतात."

आगरकरांच्या बाबतीतली माझी शंका ही होती. पुरुषाचं मौन स्वस्त असतं. श्लोक म्हणायचा की नाही हा प्रश्न ज्याच्यापुढे वाढलेलं ताट आलं आहे त्याला पडतो. जी वाढते तिच्या हातात पळी असते, जोडायला हात मोकळे नसतात. नैवेद्याच्या पानावर तुळशीपत्र ठेवणं, सोवळं, उपासाचे वेगळे पदार्थ, चार वाजताचा स्वयंपाक, या सगळ्या कर्मकांडाचा भार ज्या बाईवर आहे ती मानत नसेल तर तिला अर्ध्या मिनिटाच्या मौनाची सोय नाही. तिने श्लोक म्हटला नाही तर चालेल, नैवेद्य केला नाही तर चालणार नाही. आम्ही पुरुष सदसद्विवेकावर लेख लिहितो आणि मिठाचा अंदाज तिच्यावर सोडतो. यापुढे ज्या घरात नास्तिकाच्या स्वातंत्र्याची चर्चा होईल तिथे पहिला प्रश्न स्वयंपाकघरातून विचारला जावा, एवढं मला त्या पापडांपाशी पटलं.

काकांचं बोलणं रात्री झालं. ओसरीवर बसले होते, मी पाणी घेऊन गेलो. भिंतीवर नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांचा फोटो आहे आणि त्याखाली त्यांचं आवडतं वचन, परस्परदेवो भव. आमच्याकडे गुरुवारी त्यांची दत्तबावनी होते, मराठी घरात गुजरातीतून. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दत्तजयंतीच्या पंगतीला तुझे वडील सुरू करायचे. ते गेल्यापासून मी करतो. यंदा वाटलं, तू इथे आहेस. म्हणून म्हटलं. परीक्षा घ्यायला नाही."

मी सकाळपासून ती परीक्षाच समजत होतो. त्या सात-आठ सेकंदांत मी भरल्या पंगतीत माझ्या मताचं रक्षण केलं होतं, आणि समोरून हल्ला झालाच नव्हता. म्हणून मी श्लोक म्हणायला हवा होता का? तरीही नाही, असंच मला वाटतं. पण मी एवढं म्हणू शकलो असतो, की काका, तुम्हीच म्हणा, मी ऐकतो. त्याला लागतं एक वाक्य. गप्प राहण्याचा हक्क सांभाळण्याच्या नादात मी ते वाक्यही गिळलं. आणि काकांनीही मला हे पंगतीत न सांगता आदल्या रात्री ओसरीवर सांगितलं असतं, तर दोघांचीही अडचण टळली असती. भरल्या पानांवर कोणाला त्याची श्रद्धा विचारू नये. विचारायचं तर पानं वाढण्याआधी, एकट्याला.

आम्ही आता जे ठरवलं ते कोणाच्या नियमावलीत बसेल असं नाही. त्यांच्या घरी श्लोक त्यांचा, मी ऐकणार. माझ्या घरी ते आले तर माझी बायको, मुलं आणि मी थांबणार, ते म्हणून घेणार. पण ते नसताना आमच्याकडे श्लोक होणार नाही, आणि त्यावर त्यांनी मुलांना आडून काही विचारायचं नाही. पुतण्याने विचारलं तर त्याला दोन्ही बाजू सांगायच्या, कोणाच्याही तोंडात चेष्टा नसेल. जेवण संपल्यावरचं 'अन्नदाता सुखी भव' मात्र मी मोठ्याने म्हणतो. त्या तीन शब्दांत मला काहीच खोटं म्हणावं लागत नाही: कुठला तरी शेतकरी, आणि आत चुलीपाशी उभी असलेली दोन माणसं. काका पूर्वी ते देवघराकडे बघून म्हणत. हल्ली मी स्वयंपाकघराकडे बघून म्हणतो, तेव्हा तेही मान तिकडे वळवतात. चित्राहुतीची शितं आता टेबलावर एका वाटीत काढतात, जेवण झाल्यावर ती अंगणात मुंग्यांना घालायचं काम माझ्याकडे आलं आहे. त्यात चित्रगुप्ताचा आणि यमाचा वाटा असतो म्हणे. मुंग्यांना त्याचं काही नाही.

वहिनीचा प्रश्न एवढ्याने सुटलेला नाही, हे मला माहीत आहे. नैवेद्याचा स्वयंपाक या वर्षीही तीच करणार आहे. फक्त पहाटे तिच्या जोडीला दादा उठेल असं ठरलं आहे, बघू किती दिवस उठतो ते.

दत्तजयंतीच्या त्या पंगतीबद्दल एक सांगायचं राहिलं. बायकांची पानं मांडली तेव्हा पावणेतीन वाजले होते. काकू बसल्या, वहिनी बसली. काकूंनी पाणी फिरवलं नाही, श्लोक कोणी सुरू केला नाही, कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. वाढायला मी होतो. तूप पुरतं थिजलं होतं, ते मी पुन्हा गरम करून आणलं.